चौतिसाव्या पानावरचा हिरवा साका

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधात चौतिसाव्या पानावर, वरून तिसऱ्या ओळीत, एक खोटं वाक्य आहे. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या फोटोला मी दर गुरुपौर्णिमेला हार घालतो त्या माझ्या सरांना तर नाहीच नाही. प्रबंध इंग्रजीत आहे. वाक्याचा अर्थ साधारण असा : ‘साका लगेच न गाळता तो कोमट पाण्यात दोन दिवस ठेवावा, अशी योजना मी केली.’ साका, म्हणजे द्रावणाच्या तळाशी बसलेला गाळ, दोन दिवस कोमट पाण्यात होता, हे खरं. त्यामुळेच सगळं जमलं, हेही खरं. योजना मी केली, एवढंच खोटं. त्या दोन दिवसांत मी गिरगावात आमच्या चाळीच्या गॅलरीत उभा होतो आणि साका परळच्या गटारात वाहून गेला, असं समजत होतो.

आता सगळंच सांगतो. सांगताना मला आनंद झालेला दिसला तर रागावू नका. ते दिवस आठवले की आजही माझे हात शिवशिवतात.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, प्रभातफेरी. मी गिरगावातून परळला आमच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत जायचो. संस्थेच्या गच्चीवर उभं राहिलं की चहूकडे गिरण्यांची धुराडी. आमच्या सरांनी मला पहिल्याच दिवशी त्या गच्चीवर नेलं आणि विचारलं, “काय दिसतं?”

“धूर, सर.”

“धूर नाही, कच्चा माल! ह्या धुरात कार्बन डायऑक्साइड आहे, आणि आपण तो फुकट आभाळात सोडतोय. त्याला हायड्रोजन भेटवायचा, की मिथेनॉल. मिथेनॉलपासून फॉर्मलीन, फॉर्मलीनपासून प्लॅस्टिक, कापडाच्या सुरकुत्या घालवणारी रसायनं, रंग! म्हणजे ह्या गिरण्या आपल्या धुरातून आपलीच रसायनं काढतील. कळलं?”

मला अर्धं कळलं होतं, पण अंगावर काटा आला होता. सर बोलायला लागले की तसंच व्हायचं.

अडचण अशी की हे दोन वायू एकत्र कोंडले तरी वर्षानुवर्षं एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना प्रचंड दाबाखाली, तापवून, एका उत्प्रेरकावरून न्यावं लागतं. परदेशात असे कारखाने होते, पण ते दुसऱ्या वायूवर चालायचे आणि त्यांचा दाब आमच्या आवाक्याबाहेरचा. सरांचं म्हणणं, तांबं आणि जस्त एकत्र घेऊन चांगला उत्प्रेरक केला तर कमी दाबावरही जमेल. ‘कमी दाब’ म्हणजे किती, तर नळी फुटली तर भिंत जाईल इतका.

ती नळी केली लालबागच्या एका फिटरने. एका गिरणीच्या दुरुस्तीखात्यात तो कामाला होता. भंगारात काढलेल्या पोलादी शाफ्टचा तुकडा त्याने लेथवर आरपार कोरला, दोन्ही टोकांना आटे पाडले, तांब्याची चकती घालून झाकणं बसवली. मी त्याला उत्प्रेरक म्हणजे काय ते समजावत होतो. माझं पाच मिनिटांचं व्याख्यान ऐकून तो म्हणाला, “म्हणजे जॉबर, आमच्या खात्याचा मुकादम. स्वतः माग चालवत नाय, पण तो नसला तर खातं हलत नाय. आणि पाळी संपली की जसाच्या तसा घरी!” ही व्याख्या मी आजही वर्गात सांगतो. निदान तिचं श्रेय मी त्याला देतो.

तांबं-जस्तही त्यानेच दिलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच. झिजून बाद झालेले पितळी बुश खात्यात पडलेले असत. साहेबाला विचारून, जेवणाच्या सुट्टीत कानस मारून मारून तो त्यांचा कीस पाडायचा आणि आठवड्याला एक पुडी आणून द्यायचा. तो कीस मी नायट्रिक आम्लात विरघळवायचो. तपकिरी धूर, मग सुंदर निळं पाणी. त्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण ओतलं की खाली निळा गाळ बसायचा. त्याला आम्ही साका म्हणतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा, भाजायचा आणि नळीत भरायचा. झाला उत्प्रेरक.

कागदावर झाला. प्रत्यक्षात तो साका म्हणजे निळी खळ. गाळणकागदावर ओतला की कागद बुजून जायचा आणि दिवसभरात चार थेंब खाली उतरायचे. पुस्तकात लिहिलं होतं, साका ताजा असतानाच लवकर गाळावा. म्हणून मी घाई करायचो. जितकी घाई, तितका चिकट गोळा. तसाच अर्धवट धुतलेला साका भाजून नळीत भरायचो, सकाळी वायू सोडायचो आणि संध्याकाळी खालची बर्फात ठेवलेली बाटली बघायचो. कोरडी. कधी दोन थेंब, तेही नुसतं पाणी.

असं सहा वेळा झालं. बर्फ दादरच्या मासळीबाजारातून आणायचा, त्यामुळे प्रयोगशाळेला बोंबलांचा वास. वायूच्या नळकांड्या हातगाडीवरून यायच्या, कार्बन डायऑक्साइडची सोडावॉटरच्या कारखान्यातून आणि हायड्रोजनची वनस्पती तुपाच्या. नळीभोवती वाळूची पोती रचलेली. पोत्यांआडून मान काढून काटा बघायचा, आणि काटा वर चढताना छातीत असं काही व्हायचं की चहा विसरायला व्हायचं. आमच्या दारावर कोणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, ‘कार्बनवायूसह मिथेनॉल झालंच पाहिजे!’ सरांनी ते पुसू दिलं नाही.

पण सातव्या खेपेआधी सरांनी मला समोर बसवलं. “दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थेंब आला नाही, तर विषय बदलू. तुझी दोन वर्षं फुकट घालवण्याचा मला अधिकार नाही.” ते प्रेमानेच म्हणाले. मला मात्र रात्री जेवण गेलं नाही. विषय बदलायचा म्हणजे शिष्यवृत्ती संपणार, आणि घरची मंडळी वाटच बघत होती, कधी एकदा हा वडिलांसारखा कारकुनीला लागतो म्हणून.

आता बाईंबद्दल.

फिटरची थोरली बहीण. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. त्या सुमाराला गिरण्यांतून बायकांना कमी करत होते, त्यात तीही घरी बसली. नवरा आधीच गेलेला, पदरात दोन मुली. फिटरने सरांकडे शब्द टाकला आणि सरांनी तिला बाटल्या-भांडी धुवायला रोजंदारीवर ठेवलं. भांडी अशी लख्ख धुवायची की काच आहे की नाही ते हात लावून बघावं लागे. मी तिला बाई म्हणायचो, ती मला मास्तर म्हणायची. मी मास्तर नव्हतो, पण तिच्या लेखी चष्मा लावून पुस्तक वाचणारा तो मास्तर.

बोलणं मुंबईचं, पण तापली किंवा खूश झाली की सरळ मालवणीवर यायची.

“मास्तर, भाऊ सांगत होता तुम्ही हवेतून दारू काढताय. खरां?”

“दारू नाही हो बाई. मिथेनॉल. दारूची सख्खी बहीण, पण विषारी.”

“कोणी पिलो तर?”

“आंधळा होईल. जास्त प्यायला तर मरेल.”

“मग दारूबंदीवाल्यांनी ही विकायला ठेवूक व्हयी. एका दिवसात सगळे सुधारतील.”

सर दारात उभे होते. इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली.

प्रयोगशाळेत परिचराची एक कायम जागा निघणार होती. बाईंना ती हवी होती. कायम म्हणजे महिन्याचा पगार, रजा, मुलींच्या शाळेची काळजी मिटली. एकदा बेसिनपाशी उभी असताना ती मला म्हणाली, “मास्तर, सर तुमचं ऐकतात. ही बाई नुसती भांडी घासत नाय, तिला कामाची समज आसा, एवढंच सांगा.” मी म्हणालो, “नक्की सांगेन.” तेव्हा मी ते मनापासून म्हणालो होतो.

सातव्या खेपेचा साका मी सकाळी केला. सोड्याचं द्रावण ओतलं, निळा गाळ धरला, भांडं कोमट पाण्याच्या तसराळ्यात मंद गॅसवर ठेवलं. गाळणकागद लावतो न लावतो तोच खालून घोषणा आल्या. हरताळ आधीच जाहीर झालेला होता, पण मी मुद्दाम लवकर येऊन काम उरकायच्या विचारात होतो. खिडकीतून पाहिलं तर रस्ता माणसांनी भरलेला, गिरण्यांचे भोंगे वाजायचे थांबलेले. माझं रक्त उसळलं. दिवाळी जवळ, ही खळही गळणार नव्हतीच, आणि खाली सगळी मुंबई चाललेली!

“बाई, ते ओतून टाका आणि भांडं धुऊन ठेवा,” मी म्हणालो.

“टाकूचा? सगळा?”

“टाका हो, नाहीतरी गळत नाही!” हे मी जिन्यावरून ओरडलो.

त्या दिवशी मी घसा बसेपर्यंत ओरडलो. परळहून गिरगावपर्यंत चालत गेलो, ओळख ना देख अशा माणसांच्या खांद्याला खांदा लावून. पुढे कुठेतरी लाठी चालली, पळापळ झाली. आमच्या भागात संचारबंदी लागली आणि मी घरात अडकलो. दोन दिवस. गॅलरीतून पोलिसांच्या गाड्या बघायच्या आणि आईच्या शिव्या खायच्या, एवढंच काम. साक्याची आठवणही मी मनात येऊ देत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर बाई दारात उभी. चेहरा असा, जणू मुलीचा पहिला नंबर आलाय.

“मास्तर, मियां टाकूक नाय.”

“काय टाकलं नाही?”

तिने मला हाताला धरून आत नेलं. भांड्यात खाली बोटभर जाडीचा थर बसला होता, आणि तो निळा नव्हता. हिरवा होता! गर्द नाही, कोवळ्या पोपटाच्या पंखासारखा. वर पाणी इतकं नितळ की थरातला कण न् कण दिसावा. मी काचेच्या कांडीने ढवळलं. खळ नाही, गोळा नाही; बारीक रेतीसारखं वर उठलं आणि बघता बघता पुन्हा खाली बसलं.

“हे काय केलंत तुम्ही?” मी ओरडलोच. तो राग होता की घाबरणं, माहीत नाही.

“ओरडू नकात. भावाने जेवणाची सुट्टी घालवून तो कीस पाडला. गटारात कशाक ओतू? मी म्हटलं, नाचणीचं सत्त्व काढतात तसंच तर आहे हे. नाचणी वाटली, फडक्यातून पिळली, की लगेच गाळायला जाल तर फडकं बुजणारच. तेका बसू देऊक व्हया. हात लावायचा नाय. बसला की वरचं पाणी हलक्या हाताने ओतायचं, नवीन घालायचं, परत बसू द्यायचं.”

“पण संस्था तर बंद होती!”

“पहारेकरी आमच्याच गावचो. दोन्ही दिवस लालबागवरून चालत आले. गॅस अगदी बारीक ठेवला, सत्त्वाला ऊब लागते म्हणून. पहिल्या दिवशी संध्याकाळी निळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर हिरवा. मी घाबरले, म्हटलं नासला. पण वास नाय, फेस नाय. मग धुवत ऱ्हवले.”

“किती वेळा धुतलंत?”

“खारट जाईपर्यंत.”

“म्हणजे?”

तिने करंगळी पाण्यात बुडवली आणि जिभेला लावून दाखवली.

“अहो बाई, विष आहे ते!”

“थुंकले ना. अकराव्या पाण्याला खारटपणा गेला.”

आता कळतं की ती किती बरोबर होती. साक्यात सोड्याचा खारटपणा उरला की उत्प्रेरक मरतो. आणि निळ्याचा हिरवा होणं, ते तर सगळ्या गोष्टीचं मर्म. त्या उबेत, त्या थांबण्यात तांबं आणि जस्त एकाच कणात एकमेकांशेजारी बसतात. मी सहा वेळा त्यांना बसायच्या आधीच उठवत होतो. तेव्हा ह्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी फक्त इतकं म्हणालो, “बघूया भाजून.”

भाजल्यावर हिरवा काळा झाला. हलका, भुसभुशीत. नळीत भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटरला मुद्दाम बोलावलं, आटे त्यानेच आवळले. थोडा वायू सोडून सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं. एकही बुडबुडा नाही. मग पुरा वायू सोडला. काटा चढला. सर, फिटर आणि मी पोत्यांआड उकिडवे, बाई बेसिनपाशी. एक तास गेला, दोन गेले. दुपारी फिटर म्हणाला, “मास्तर, बाटलीला घाम आलाय.”

“बर्फाचा असेल.”

“भाईरून नाय. आतून!”

मी सरपटत पुढे गेलो. बाटलीच्या आत, काचेला धरून, एक थेंब खाली घसरत होता. त्याच्या मागे दुसरा. मग तिसरा! सर पोत्यांवरून अक्षरशः उडी मारून आले. संध्याकाळपर्यंत बाटलीत अंगठ्याच्या पेराइतका द्रव जमला. त्यात पाणीही असणार होतं, कारण ह्या क्रियेत मिथेनॉलबरोबर पाणी होतंच. म्हणून तो हलका तापवून आधी उडणारा भाग वेगळा काढला. मोजून वीस-पंचवीस थेंब.

आमच्या चाळीत कॅरमवर टाकायची बोरिक पावडर मी खिशात घेऊन आलो होतो. मिथेनॉलमध्ये बोरिक घालून पेटवलं तर ज्योत हिरवी होते. चिनी मातीच्या वाटीत थेंब टाकले, चिमूट घातली, काडी ओढली.

हिरवी! कडेने लखलखीत हिरवी ज्योत!

फिटरने टाळी वाजवली. मी बहुधा नाचलो. सर मात्र वाटीकडे बघतच राहिले. “थांब. नळीतून तांब्याचा कण आला असेल तरी ज्योत हिरवी होते. स्वतःला फसवू नकोस.”

स्वतःला फसवू नकोस. शब्दन् शब्द हेच.

मग दुसरी परीक्षा. तांब्याच्या तारेचं वेटोळं लाल तापवायचं आणि उरलेल्या थेंबांत बुडवायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा बुडवायचं. मिथेनॉल असेल तर त्याचं फॉर्मलीन होतं आणि वास येतो. मी बुडवत होतो, सर नाक पुढे करून उभे. तेवढ्यात बेसिनपाशी उभी असलेली बाई म्हणाली, “हा बेडकांच्या बरण्यांचा वास!”

शेजारच्या जीवशास्त्राच्या खोलीतल्या बरण्या तीच धुवायची. त्या बरण्यांत फॉर्मलीनच असतं.

सर खदखदून हसले. “बाईंनी प्रमाणपत्र दिलं! झालं! मिथेनॉल झालंच!” त्यांनी फिटरला मिठी मारली, मला मिठी मारली. पन्नाशीचा तो माणूस, डोळ्यांत पाणी. आयुष्यात तसा आनंद मला पुन्हा झालेला नाही. मुलगा झाला तेव्हाही नाही. हेही इथेच कबूल करून टाकतो.

आणि मग सरांनी विचारलं, “पण सहा वेळा नाही आणि आजच कसं? काय वेगळं केलंस?”

सरांनी हे मराठीत विचारलं. फिटर पाना पुसत होता. बाईने नळ बंद केला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. नाव निघणार म्हणून वाट बघणाऱ्या माणसाचं असतं तसं.

मी इंग्रजीत उत्तर दिलं.

म्हणालो की मी साका मुद्दाम कोमट पाण्यात ठेवला, तो जुना होऊ दिला, वरचं पाणी बदलून बदलून धुतला. एक-दोन वाक्यं. कोणीही मला इंग्रजीत बोलायला सांगितलं नव्हतं. सरांशी मी एरवी मराठीतच बोलायचो. तेवढ्या क्षणापुरतं इंग्रजी तोंडात आलं, कारण त्या खोलीत दोन माणसांना ते कळत नव्हतं.

सर म्हणाले, “शाब्बास! हा शोध आहे, बरं का! प्रबंध ह्याच्यावरच उभा करायचा.”

जिना उतरताना बाईने विचारलं, “मास्तर, सरांना सांगितलंत? विंग्रजीत बोललात ते तेच ना?”

“हो,” मी म्हणालो. “सांगितलं.”

ती त्या दिवशी घरी चालत गेली नसेल, उडत गेली असेल. दुसऱ्या दिवशी नाचणीच्या सत्त्वाची पुडी घेऊन आली. “दुधात शिजवून घ्या. डोकं चालवणाऱ्याला बरं.” मी ती घेतली. आईने शिजवली. मी खाल्ली.

महिन्याभराने परिचराच्या जागेचा प्रश्न निघाला. सरांनी मला विचारलं, “आपल्या बाई कशा आहेत? भांड्यांपलीकडे कामाची समज आहे का? समितीपुढे दुसरा उमेदवार सातवी पास आहे, पण मी बाईंसाठी भांडेन. सांगण्यासारखं काही असेल तर सांग.”

सांगण्यासारखं होतं. इतकं होतं की ते सांगितलं असतं तर समितीने उठून नमस्कार केला असता. पण सांगायचं म्हणजे चौतिसावं पान फाडायचं. ते पान तोवर टंकलिखित होऊन बांधणीला जायच्या वाटेवर होतं.

“ठीक आहे, सर,” मी म्हणालो. “कष्टाळू आहे.”

जागा सातवी पासला मिळाली. बाईची रोजंदारी पुढच्या महिन्यात संपली. निघताना ती एप्रनची घडी करून टेबलावर ठेवत होती. “तुम्ही सांगितलंत, मास्तर. मग सरांनाच पटलं नसेल. मोठ्या माणसांना बायकांचं पटत नाय.” मी तो एप्रन उचलून कपाटात ठेवला. म्हणजे तिची जागा गेली ती गेलीच, वर माझ्या सरांवर एक खोटा आळ बसला, आणि तो बसताना मी समोर उभा होतो.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार आहेत. सरांचे आहेत, फिटरचे आहेत, मासळीबाजारातल्या बर्फवाल्याचेसुद्धा आहेत. बाईंचे नाहीत. तिचे आभार मानायचे तर कशाबद्दल, हे लिहावं लागलं असतं.

राज्य झालं त्या दिवशी लालबागला रोषणाई बघायला गेलो होतो. तोरणं, पताका, ढोल, पेढे. ओळखीचा असो नसो, जो तो गळ्यात पडत होता. त्या गर्दीत ती भेटली. दोन्ही मुली बरोबर, तिघींच्या केसांत अबोलीचे गजरे. माझ्या हातात पेढा ठेवून म्हणाली, “मास्तर, झाला बघा आपला! आणि तुमचा तो हिरवा? अजून तसाच करता? बसू देऊन?”

“हो. तसाच करतो.”

“मग बरां,” ती म्हणाली आणि पोरींना घेऊन पुढे गेली.

तेव्हापासून मी तसाच करतो. आता मी स्वतः ‘सर’ आहे. परदेशात तांबं-जस्ताचे उत्प्रेरक वापरून कमी दाबावर मिथेनॉल काढणारे मोठे कारखाने उभे राहिलेत, आणि तिथेही साका उबेत थांबवल्याशिवाय भागत नाही, असं वाचलं तेव्हा मी एकटाच प्रयोगशाळेत येरझाऱ्या घालत होतो. काय आनंद झाला होता! आपण ते परळला, पितळेच्या किसातून केलं होतं! लगेच कोणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखं माणूस एकच होतं, आणि त्याच्याकडे जायचं तोंड मला नव्हतं.

दरवर्षी नवी मुलं घाई करतात, कागद बुजवतात, आणि मी म्हणतो, “बसू द्या त्याला. हात लावू नका.” परवा एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, हे तुम्हाला कसं सुचलं?” वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “अनुभवाने.” घरी आलो, प्रबंध काढला, चौतिसावं पान उघडलं, आणि मग हे लिहायला बसलो.

फिटर मागच्या महिन्यात परळच्या नाक्यावर भेटला. निवृत्त झालाय. बहीण त्याच चाळीत आहे, मुलींची लग्नं झाली, नाचणीचं सत्त्व, कुळथाचं पीठ असं करून दुकानांना देते, म्हणाला. “तुमची चौकशी करते. मास्तर मोठा झाला म्हणते.”

सर आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं, ते राहिलंच. बाकीचं अजून करता येण्यासारखं आहे. लालबागला जाऊन बाईंना सांगायचं आहे की सरांना मी कधीच काही सांगितलं नव्हतं. जागा त्यांच्यामुळे नाही, माझ्यामुळे गेली. विद्यापीठाला पत्र लिहून चौतिसाव्या पानावरची तिसरी ओळ दुरुस्त करून घ्यायची आहे. त्या दुरुस्तीत तिचं पूर्ण नाव घालायचं आहे. इथे ते घातलेलं नाही, कारण मी तिला अजून विचारलेलं नाही. ह्यातलं एकही काम अजून झालेलं नाही.